डेटा सेंटरमधले आयपी पूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांसाठी एकच हॉल डोळ्यांसमोर ठेवला आहे: ४८ रॅक, प्रत्येक रॅकमध्ये २० सर्व्हर आणि वर दोन लीफ स्विच, सगळ्यांना जोडणारे ४ स्पाइन. जागा नवी मुंबईत, ऐरोली-महापे पट्ट्यात, डीआर (आपत्तीच्या वेळचं पर्यायी केंद्र) चेन्नईत. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत तीच राहील.

पूल आणि सबनेट एकच ना?

नाही. सबनेट व्हीलॅनवर (स्विचमध्ये वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कवर) बसतो, त्याला मास्क (आकार ठरवणारा आकडा) असतो, गेटवे (बाहेर जायची वाट) असतो. पूल म्हणजे एका कामासाठी बाजूला काढलेला साठा. त्यातून कधी अख्खे सबनेट वाटले जातात (रॅकमागे एक /२६, म्हणजे ६४ पत्ते; तिरक्या रेघेनंतरचा आकडा एकने घटला की पत्ते दुप्पट), तर कधी सुटे पत्ते (भार वाटणाऱ्या लोड बॅलन्सरचे व्हीआयपी, म्हणजे आभासी पत्ते). एकाच /२४ मध्ये तीन पूल सुखाने नांदू शकतात: .१० ते .४९ हाताने दिलेले, .५० ते .१९९ डीएचसीपीचे (यंत्रांना आपोआप पत्ते देणारी सेवा), .२०० ते .२३९ व्हीआयपीचे. अट एकच, कुठल्याही पत्त्याचा मालक एकच पूल असला पाहिजे. डीएचसीपीचा स्कोप .५० ते .२५० ठेवलेला आणि मेटलएलबीला (कंटेनरच्या क्लस्टरला व्हीआयपी देणारं साधन) .२०० पासून पुढचे पत्ते दिलेले, असं दिसलं तर भांडण आज नाही तर महिन्याभरात होणारच.

किती पत्ते लागतील याचा हिशेब कुठून सुरू करायचा?

सर्व्हरपासून नव्हे, तारांपासून. सर्व्हरचे पत्ते सगळ्यांच्या लक्षात असतात. लिंक, लूपबॅक आणि मॅनेजमेंटचे विसरले जातात आणि नंतर मिळेल त्या फटीत कोंबले जातात.

लिंक: ९६ लीफ, प्रत्येकीच्या ४ स्पाइनला ४ तारा, म्हणजे ३८४ लिंक. प्रत्येकीला /३१ दिला तर ७६८ पत्ते, एका /२२ मध्ये (१,०२४) बसतात.

लूपबॅक (कुठल्याही तारेला न बांधलेला, स्विचचा स्वतःचा पत्ता): १०० स्विचना प्रत्येकी एक राउटर-आयडी, शिवाय प्रत्येक लीफ-जोडीला व्हीएक्सलॅनसाठी (व्हीलॅन सगळ्या रॅकभर पसरवणारं तंत्र) एक सामायिक पत्ता, असे ४८. हे दोन प्रकार एकाच /२४ मध्ये मावतात, तरी वेगळे दोन /२४ ठेवा. राउटिंगचे फिल्टर लिहिताना एका ओळीत काम होतं.

मॅनेजमेंट: रॅकमागे २० बीएमसी (सर्व्हर दुरून सांभाळणारी चिप), २ लीफचे मॅनेजमेंट पोर्ट, २ पीडीयू (रॅकमध्ये वीज वाटणारी उपकरणं), १ मॅनेजमेंट स्विच, वर गेटवे, एकूण २६. /२७ मध्ये वापरता येणारे पत्ते ३०. बसतं खरं, पण उद्या त्या रॅकमध्ये आणखी चार सर्व्हर चढले की एकही हातचा उरत नाही. /२६ द्या. ४८ रॅकना ४८ तुकडे, आणि एका /२० मध्ये असे ६४ तुकडे असतात, म्हणजे १६ रॅकची वाढ जमेस धरली गेली.

सर्व्हर आणि व्हीएम: सर्व्हरमागे १५ व्हीएम (आभासी यंत्रं) धरले तर ९६० × १५ = १४,४००. /१८ मध्ये १६,३८४ पत्ते असतात, म्हणजे पहिल्याच दिवशी ८८ टक्के भरलेला. /१७ घ्या आणि त्याचे १२८ /२४ करून ॲप्लिकेशनप्रमाणे वाटा. स्टोरेज आणि बॅकअपचे व्हीलॅन वेगळे असतील तर प्रत्येक सर्व्हरला तिथेही एकेक पत्ता लागतो.

आता हे एका छताखाली आणा. नवी मुंबईला १०.६४.०.०/१४ द्या: १०.६४ लिंक-लूपबॅक-मॅनेजमेंटला, १०.६५ सर्व्हर आणि व्हीएमना, १०.६६ कंटेनरना, १०.६७ ला हातही लावायचा नाही. चेन्नईला १०.६८.०.०/१४, आतली मांडणी हुबेहूब तीच. दोन जागांमध्ये एकेकच रूट जाहीर होतो, आणि लॉगमध्ये १०.६९ दिसलं की नकाशा न उघडता कळतं, चेन्नईचा सर्व्हर आहे.

१०, १७२.१६ की १९२.१६८, कोणता पट्टा घ्यायचा?

आरएफसी १९१८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज) १९९६ साली तीन पट्टे खासगी वापराला मोकळे ठेवले: १०.०.०.०/८ (सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते), १७२.१६.०.०/१२ (१०,४८,५७६) आणि १९२.१६८.०.०/१६ (६५,५३६). डेटा सेंटरला १० घ्या. कारण नुसता आकार नाही. डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) चढवला की तो मुकाट्याने १७२.१७.०.०/१६ स्वतःकडे घेतो, आणि पुढची नेटवर्कं १७२.१८, १७२.१९ अशी बनवत जातो. तुमचा डेटाबेस १७२.१७.५.२० वर असेल तर डॉकर असलेल्या सर्व्हरवरून तो कधीच दिसणार नाही. पॅकेट यंत्राबाहेर पडतच नाही. शेजारच्या सर्व्हरवरून मात्र सगळं सुरळीत. मग तासभर फायरवॉलला दोष दिला जातो. जुनं नेटवर्क १७२ मध्येच असेल तर डॉकरच्या डीमन फाइलमध्ये ‘डीफॉल्ट-ॲड्रेस-पूल्स’ लिहून त्याला दुसरा पट्टा नेमून द्या, आणि ही ओळ सर्व्हरच्या मूळ इमेजमध्येच असू द्या.

१० मध्येही दोन पट्टे टाळावेत. क्यूबएडीएम (कंटेनरचे क्लस्टर सांभाळणारं कुबरनेटीस बसवायचं साधन) सर्व्हिससाठी मुळात १०.९६.०.०/१२ धरतं, म्हणजे १०.९६ ते १०.१११. फ्लॅनेल या कुबरनेटीसच्या नेटवर्क प्लगइनचा नेहमीचा पट्टा १०.२४४.०.०/१६. हे बदलता येतात; पण बदलायचं कुणी विसरलं तरी घात होऊ नये, म्हणून जागेच्या आराखड्यात हे आकडे कुणालाच देऊ नका.

१००.६४.०.०/१० वापरू का? तो रिकामाच दिसतो.

तो आरएफसी ६५९८ ने २०१२ साली इंटरनेट पुरवठादारांच्या कॅरियर नॅटसाठी (अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्यासाठी) राखला आहे. काही क्लाउड सेवाही तो आतल्या आत वापरतात. कंटेनरसाठी काही जण वापरतात आणि निभावतं, पण ज्या दिवशी तुमच्या पुरवठादाराची लिंक त्याच पट्ट्यातला पत्ता घेऊन येते त्या दिवशी निभावत नाही. कुणा दुसऱ्याचा सार्वजनिक पट्टा ‘इंटरनेटवर दिसत नाही’ म्हणून आत वापरणं मात्र साफ चूक. आज न दिसणारा पट्टा उद्या विकला जातो आणि दिसू लागतो.

स्विचमधल्या लिंकला /३० द्यायचा की /३१?

/३१. आरएफसी ३०२१ सन २००० ची आहे, आजचे सगळे डेटा सेंटर स्विच ती मानतात. /३० ने वरच्या हॉलला १,५३६ पत्ते लागले असते, म्हणजे /२२ ऐवजी /२१. बीजीपी अननंबर्ड (लिंकला आयपीव्ही४ पत्ता न देता चालणारं राउटिंग) वापरणार असाल तर हा पूलच लागत नाही. लिंकवर आयपीव्ही६ चा लिंक-लोकल पत्ता पुरतो. पण मग ट्रेसरूटमध्ये प्रत्येक टप्प्याला लिंकऐवजी लूपबॅक दिसतो, आणि चारांपैकी नेमकी कुठली तार खराब आहे हे दुसरीकडे शोधावं लागतं.

कुबरनेटीसला एक अख्खा /१६ दिला, तरी नोड जोडता येत नाहीत. कसं काय?

कुबरनेटीसचा कंट्रोलर दर नोडला (क्लस्टरमधल्या यंत्राला) मुळात /२४ देतो. एका /१६ मध्ये /२४ किती? २५६. दोनशे सत्तावन्नावा नोड आला की त्याला पट्टा मिळत नाही, त्याच्यावर एकही पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) उभा राहत नाही, आणि तोवर ६५,५३६ पत्त्यांपैकी निम्मेही वापरलेले नसतात. कारण नोडवर पॉडची नेहमीची मर्यादा ११० आहे.

उपाय आधी करायचा असतो. दर नोडला /२५ दिला तर त्याच /१६ मध्ये ५१२ नोड मावतात. १२८ पत्त्यांत ११० पॉड म्हणजे जरा ओढाताण: रोलिंग अपडेटमध्ये जुना पॉड जायच्या आधी नवा उभा राहतो. म्हणून /२५ घेतलात तर पॉडची मर्यादा ९० च्या आसपास आणा. चालू क्लस्टरमध्ये मास्क बदलण्याच्या फंदात पडू नका. नोडला एकदा मिळालेला पट्टा बदलता येत नाही, नोड काढून पुन्हा जोडावा लागतो.

कॅलिको (फ्लॅनेलसारखंच प्लगइन) स्वतःच्या आयपॅमने (पत्ते सांभाळण्याच्या यंत्रणेने) चालत असेल तर गणित निराळं. तो ६४-६४ पत्त्यांचे /२६ ब्लॉक नोडला लागतील तसे देतो. तिथे पट्टा संपण्याऐवजी ब्लॉक संपतात. शिवाय नोड सरळ बंद करून विसरला गेला तर त्याच्या नावावरचे ब्लॉक अडकून राहतात. नोड क्लस्टरमधून रीतसर काढा, मग ते सुटतात.

डीएचसीपीचा स्कोप भरल्याचं दिसतं, पण यंत्रं तर निम्मीच आहेत.

सर्व्हर बसवण्याच्या व्हीलॅनवर हे हमखास होतं. एकच नेटवर्क कार्ड, पण आधी पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा भाग) पत्ता मागतं, मग इन्स्टॉलर मागतो, शेवटी बसवलेली लिनक्स मागते. आणि तिघांची क्लायंट-आयडी वेगळी. डीएचसीपी सर्व्हर मॅकपेक्षा (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकापेक्षा) क्लायंट-आयडीला मान देतो, म्हणून त्याच्या लेखी ती तीन गिऱ्हाइकं. एका रात्रीत १०० सर्व्हर बसवायला घेतले की /२४ चे २५३ पत्ते पहाटेपर्यंत संपतात, आणि उरलेले सर्व्हर पीएक्सईच्या काळ्या पडद्यावर वाट पाहत बसतात.

इथे तीन गोष्टी करा. या व्हीलॅनची लीज (पत्ता वापरायची मुदत) एका दिवसाची असेल तर ३० मिनिटं ते १ तास करा. पूल /२३ करा. आणि केया हा डीएचसीपी सर्व्हर वापरत असाल तर ‘मॅच-क्लायंट-आयडी’ बंद ठेवा, म्हणजे तो मॅकवरच ओळख पटवतो. जुना आयएससी डीएचसीपी अजून चालवत असाल तर त्याची देखभाल २०२२ मध्ये थांबली आहे. स्थलांतर याच निमित्ताने उरका.

लीज फाइलमध्ये ‘डिक्लाइन्ड’ झालेले पत्तेही मोजा. दिलेला पत्ता आधीच कुणी वापरत असल्याचं क्लायंटच्या ध्यानात आलं तर तो नाकारतो, आणि केया असा पत्ता मुळात २४ तास बाजूला ठेवतो. असे पाच-दहा पत्ते दिसले तर दुखणं स्कोपच्या आकाराचं नाही. कुणीतरी स्कोपमधलेच पत्ते हाताने चढवले आहेत.

छोटी लीज फक्त तिथेच. चालू सर्व्हरच्या व्हीलॅनवर एका तासाची लीज म्हणजे डीएचसीपी सर्व्हर तासभर पडला की सगळ्यांचे पत्ते जाणार. नूतनीकरण निम्म्या मुदतीला सुरू होतं आणि ८७.५ टक्क्यांना क्लायंट कुठल्याही सर्व्हरकडे हात पसरतो; हे दोन टप्पे धरून, बिघाड दुरुस्त करायला किती वेळ मिळेल ते काढा.

टेम्प्लेटवरून बनवलेल्या दोन व्हीएमना एकच पत्ता मिळाला. मॅक तर वेगळे आहेत!

टेम्प्लेटमधली मशीन-आयडी फाइल तशीच राहिली आहे. उबुंटूसारख्या वितरणांत क्लायंट-आयडी त्या फाइलवरून बनते, म्हणून डीएचसीपी सर्व्हरला दोघंही एकच वाटतात. टेम्प्लेट बंद करण्याआधी ती फाइल रिकामी करा (पुसू नका, रिकामी ठेवा). पहिल्या बूटला नवी तयार होते.

गेटवेवर दुसरा सबनेट जोडला, स्कोपही बनवला, पण त्यातून एकही पत्ता जात नाही.

रिले (डीएचसीपीची विनंती दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरकडे पोचवणारा) विनंती पुढे पाठवताना गेटवेचा पहिला पत्ता लावतो, आणि डीएचसीपी सर्व्हर त्यावरूनच स्कोप निवडतो. दुसऱ्या सबनेटची त्याला खबरच नसते. दोन्ही स्कोप सामायिक नेटवर्क म्हणून एकत्र बांधा. ईव्हीपीएनमध्ये (कुठला मॅक कुठल्या लीफमागे आहे हे सगळ्या लीफना कळवणारी पद्धत) आणखी एक मेख आहे: सगळ्या लीफवर गेटवेचा पत्ता एकच असल्याने उत्तर भलत्याच लीफकडे जाऊ शकतं. तिथे रिलेचा उगम-पत्ता त्या लीफच्या स्वतःच्या लूपबॅकचा ठेवा आणि सबनेटची ओळख पर्याय ८२ (रिले विनंतीला जोडतो ती जास्तीची माहिती) मधून पाठवा.

नोंद एक्सेलमध्ये ठेवली तर काय बिघडतं?

दोघांनी एकाच वेळी फाइल उघडली की बिघडतं. दोघांना .३७ मोकळा दिसतो, दोघे तो उचलतात, आणि फाइल ज्याने नंतर सेव्ह केली त्याचीच नोंद उरते. पन्नास-साठ पत्त्यांच्या लॅबला एक्सेल चालेल. या हॉलला नेटबॉक्स किंवा पीएचपीआयपॅम या पत्ते नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी काहीतरी लागेल. दोन्ही मुक्त स्रोत आहेत. नेटबॉक्सकडे एपीआयवरून ‘या प्रीफिक्समधला पुढचा मोकळा पत्ता दे’ असं मागता येतं, आणि तो देताक्षणीच नोंदवतो. माणसाने यादीकडे बघून पत्ता निवडायचा नाही, हा सगळा मुद्दा आहे. कुठलं सॉफ्टवेअर घेता हा त्यापुढे दुय्यम प्रश्न.

क्रमही महत्त्वाचा: आधी नोंद, मग कॉन्फिगरेशन. उलटं चालू दिलं की ‘तातडीचं होतं, नंतर टाकतो’ असे पत्ते साचत जातात.

पिंगला उत्तर नाही आलं म्हणजे पत्ता मोकळा समजायचा ना?

अजिबात नाही. यंत्र बंद असेल, फायरवॉलने आयसीएमपी अडवलं असेल, किंवा तो पत्ता क्लस्टरच्या राखीव नोडसाठी असेल, जो फक्त फेलओव्हरला जागा होतो. त्याच व्हीलॅनमधल्या यंत्रावरून आर्पिंग करा (एआरपी, म्हणजे ‘हा आयपी कुठल्या मॅककडे आहे’ असं विचारण्याची पद्धत, वापरणारं पिंग). एआरपीला उत्तर देणं फायरवॉल सहसा थांबवत नाही. तरीही बंद यंत्र सापडणार नाहीच. म्हणून रोज रात्री सगळ्या लीफची एआरपी टेबलं आणि डीएचसीपीच्या लीज गोळा करून नोंदीशी ताडा, आणि प्रत्येक पत्त्यापुढे ‘शेवटचा कधी दिसला’ ही तारीख लिहीत जा. नोंदीत नाही पण तारेवर दिसतो, असा पत्ता त्याच दिवशी निस्तरा. नोंदीत आहे पण ९० दिवसांत दिसला नाही, त्याच्या मालकाला तिकीट पाठवा.

दोन यंत्रांवर एकच पत्ता आहे असा संशय आहे. शोधायचं कसं?

लक्षणं ठरलेली असतात. एसएसएच लागतं आणि अर्ध्या मिनिटात तुटतं; परत लावलं तर होस्ट-की बदलल्याचा इशारा येतो. एका सर्व्हरवरून सगळं ठीक, शेजारच्यावरून बंद; कारण दोघांच्या एआरपी टेबलात वेगवेगळे मॅक बसले आहेत.

त्याच व्हीलॅनमधल्या तिसऱ्या यंत्रावरून त्या पत्त्याला आर्पिंगने पाच विनंत्या पाठवा. उत्तरांत दोन मॅक आले की संशय खरा. मॅकचे पहिले तीन आकडे बघा: ००:५०:५६ असेल तर व्हीएमवेअरचा व्हीएम, ५२:५४:०० असेल तर केव्हीएमचा, नाहीतर बहुधा खरं नेटवर्क कार्ड. मग लीफच्या मॅक टेबलावरून पोर्ट, पोर्टवरून रॅक.

उत्तर एकाच मॅकवरून आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. व्हीएमची मॅकसकट नक्कल झाली असेल तर आर्पिंगला एकच मॅक दिसणार. तेव्हा लीफच्या लॉगमध्ये तोच मॅक दोन पोर्टांमध्ये उड्या मारताना सापडतो. ईव्हीपीएनमध्ये १८० सेकंदांत ५ वेळा जागा बदलली की मॅक डुप्लिकेट ठरवायचा, हे आरएफसी ७४३२ मधलं मूळ प्रमाण आहे. त्यानंतर स्विच त्याच्या नव्या जागा जाहीर करणं थांबवतो, आणि बाहेरून ते ‘सर्व्हर अचानक मेला’ असं दिसतं.

उपरा सापडला की त्याचा पत्ता काढा, निदान पोर्ट बंद करा. एवढ्यावर काम संपत नाही: गेटवेच्या एआरपी टेबलात चुकीचा मॅक तसाच असू शकतो, आणि सिस्कोच्या आयओएस उपकरणांवर ती नोंद मुळात ४ तास टिकते. खऱ्या मालकाकडून ग्रॅच्युइटस एआरपी (न विचारता केलेली एआरपी घोषणा) पाठवा किंवा गेटवेवर ती एक नोंद पुसा. सगळं टेबल पुसू नका.

लिनक्सचं कर्नल आयपीव्ही४ चा पत्ता चढवताना तो आधी कुणाकडे आहे का हे स्वतःहून बघत नाही. म्हणून सर्व्हर बसवायच्या स्क्रिप्टमध्ये पत्ता चढवण्याआधी आर्पिंगची डुप्लिकेट तपासणी (कॅपिटल डीचा पर्याय) घाला. नव्या खोक्यांतल्या बीएमसीवरही लक्ष ठेवा: डेलच्या आयड्रॅकच्या अनेक पिढ्या १९२.१६८.०.१२० हा एकच पत्ता घेऊन कारखान्यातून येतात. वीस सर्व्हर एकदम जोडले तर वीस जणांचं घर एकच.

/२४ भरला. मास्क बदलून /२३ करता येईल?

शेजार मोकळा असेल आणि जोडी जुळत असेल तर. १०.६५.४.०/२४ ची जोडी १०.६५.५.०/२४ शी जमते, १०.६५.५ ची १०.६५.६ शी कधीच नाही, तिसरा आकडा समच लागतो. म्हणून वाढणारे व्हीलॅन सुरुवातीलाच सम आकड्यावर ठेवा आणि पुढचा विषम मोकळा सोडा.

आधी गेटवेचा मास्क बदला, मग यंत्रांचा. मधल्या काळात जाणं आणि येणं वेगळ्या वाटांनी होतं: नवा मास्क असलेलं यंत्र जुन्याशी थेट बोलतं, जुनं मात्र उत्तर गेटवेमार्फत देतं. गेटवे साधा स्विच असेल तर चालून जातं. गेटवे फायरवॉल असेल तर त्याला संवादाची सुरुवात न दिसता मधलंच पॅकेट दिसतं, आणि तो ते टाकून देतो. जुन्या /२४ चा .२५५ आणि नव्याचा .० हे आता नियमाने वापरता येतात. पण शेवटच्या यंत्राचा मास्क बदलेपर्यंत कुणाला देऊ नका.

/२३ च्या पुढे सहसा जाऊ नये. लिनक्सच्या शेजार-टेबलाची वरची मर्यादा मुळात १,०२४ नोंदींची असते. सपाट /२१ मध्ये मॉनिटरिंगचा सर्व्हर सगळ्यांना विचारत सुटला की ‘नेबर टेबल ओव्हरफ्लो’ येतं आणि तो भलत्याच यंत्रांना मृत ठरवतो.

पूल किती भरला की हालचाल करायची?

७० टक्क्यांना लक्ष, ८५ टक्क्यांना काम सुरू. पण नुसते टक्के फसवतात. एखाद्या /२२ मध्ये ५०० पत्ते मोकळे असून सलग /२६ एकही नसतो, कारण मोकळे पत्ते इथे चार, तिथे सहा असे पसरलेले असतात. सबनेट वाटणाऱ्या पुलासाठी ‘सर्वांत मोठा सलग मोकळा तुकडा’ हा आकडा मॉनिटरिंगला लावा. वाटतानाही ओळीने देण्याऐवजी एक सोडून एक द्या; सोडलेले तुकडे पूल भरत आल्यावर वापरता येतातच.

सर्व्हर भंगारात गेला. त्याचा पत्ता लगेच दुसऱ्याला द्यायचा का?

नाही. आधी ‘डेप्रिकेटेड’ करून बाजूला ठेवा: खासगी पत्ता ३० दिवस, सार्वजनिक ९०. एआरपी काही तासांत विरते, डीएनएसचा टीटीएल (नोंद जपून ठेवायची मुदत) एखाद्या दिवसात. फायरवॉलचे नियम मात्र आपोआप कधीच जात नाहीत. जुन्या डेटाबेसला मिळालेली परवानगी त्याच पत्त्यावर आलेल्या नव्या टेस्ट सर्व्हरला फुकट मिळते. त्यामुळे पत्ता सोडण्याच्या तिकिटात पाच खुणा असाव्यात: डीएनएस (उलट नोंदीसह), फायरवॉल, लोड बॅलन्सर, मॉनिटरिंग, बॅकअप. सार्वजनिक पत्ता असेल तर तो मेलच्या काळ्या याद्यांमध्ये अडकलेला नाही ना, हेही देण्याआधी बघा.

भारतात सार्वजनिक आयपीव्ही४ किती मिळतात, आणि दोन जागांत कसे वाटायचे?

जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयाना या संस्थेचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आणि त्याच एप्रिलमध्ये एपीएनिक (आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणारी संस्था) शेवटच्या /८ वर आलं. २०१९ पासून एपीएनिकच्या धोरणात नव्या सदस्याला जास्तीत जास्त /२३, म्हणजे ५१२ पत्ते. भारतात अर्ज निक्सी चालवत असलेल्या आयआरआयएनएनकडे (भारताची आयपी नोंदणी संस्था) करता येतो.

इंटरनेटवर /२४ पेक्षा लहान तुकडा जवळपास कुणीच स्वीकारत नाही. म्हणून एका /२४ चे दोन /२५ करून एक नवी मुंबईहून, एक चेन्नईहून जाहीर करणं चालणार नाही. /२३ असेल तर प्रत्येक जागेला एकेक /२४. आता आरपीकेआय (कुठला पट्टा कोण जाहीर करू शकतो हे तपासण्याची व्यवस्था): फक्त /२३ चा आरओए (तशी सही केलेली परवानगी) बनवून ठेवला आणि जाहीर /२४ केला, तर तो ‘अवैध’ ठरतो आणि तपासणी करणारे पुरवठादार तो टाकून देतात. जे जाहीर करणार त्या प्रत्येक /२४ चा आरओए आधी बनवा, मग जाहिरात सुरू करा. कमाल लांबीचा रकाना सैल सोडून काम उरकू नका. त्याने दुसऱ्याला तुमच्या पट्ट्याचा तुकडा चोरणं सोपं जातं.

नॅटच्या पुलात एकच सार्वजनिक पत्ता आहे. ९६० सर्व्हरना पुरेल?

सगळे वेगवेगळीकडे जात असतील तर बहुधा पुरेल. सगळे एकाच पेमेंट गेटवेच्या एकाच पत्त्यावर जात असतील तर नाही. एका पत्त्यामागे ६४,५१२ पोर्ट. संवाद संपल्यावरही पोर्ट मिनिटभर अडकून राहिला तर सेकंदाला साधारण १,०७५ नवी कनेक्शनं एवढीच मजल. लक्षण नेमकं असतं: फक्त त्या एका ठिकाणची कनेक्शनं गर्दीच्या वेळी अडतात, बाकी इंटरनेट झकास. पुलात चार पत्ते करा, आणि समोरच्याच्या परवानगी-यादीत चारही नोंदवून घ्या.

आयपीव्ही६ मध्येही असाच काटकसरीचा हिशेब करायचा?

करू नका. जागेला /४८, व्हीलॅनला /६४. एका /४८ मध्ये ६५,५३६ व्हीलॅन. लिंकवर /१२७ चढवा, पण नोंदीत तिच्यासाठी अख्खा /६४ राखा. व्हीलॅन १२० असेल तर सबनेटच्या जागी १२० हाच आकडा लिहा. हेक्समध्ये रूपांतर करत बसू नका, वाचणाऱ्याचं भलं होतं.

कुणाला कुठला पत्ता होता, ही नोंद किती काळ ठेवायची?

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा सेंटर, व्हीपीएस आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांना ग्राहकाची माहिती, त्याला दिलेले आयपी आणि सेवेचा कालावधी हे ग्राहक सोडून गेल्यावरही किमान ५ वर्षं जपावं लागतं. लॉग १८० दिवसांचे. म्हणून आयपॅममधली नोंद पुसायची नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी बंद करायची. नेटबॉक्समधला बदलांचा इतिहास मुळात ९० दिवसांनी झडतो, तेव्हा ती मुदत वाढवा किंवा रोजची निर्यात वेगळी साठवा. नॅटमागच्या ग्राहकांसाठी नुसता पत्ता पुरत नाही. पोर्ट आणि वेळही हवी. ती वेळ जुळावी म्हणून सगळी घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी (अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरशी), अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी मिळवलेली असावीत. लॉगमध्ये आयएसटी आहे की यूटीसी हे प्रत्येक ओळीत लिहिलेलं असू द्या: साडेपाच तासांच्या फरकात, झपाट्याने बदलणाऱ्या पुलातला तोच पत्ता दुसऱ्या ग्राहकाकडे गेलेला असतो.